लाल सेनेचा वस्ताद : व्हासिली ओश्चेपकोव्ह आणि सैनिकांसाठी घडलेला सांबो

सैनिकाला निःशस्त्र लढत शिकवायची म्हटली की पहिली अडचण वेळेची. तालमीतला पोरगा दहा-बारा वर्षांचा असताना अंगाला माती लावतो, विशी गाठेपर्यंत रोज पहाटे घाम गाळतो, तेव्हा कुठे डाव त्याच्या अंगात मुरतो. रंगरुटाला एवढी सवड नसते. त्याला नेमबाजी शिकायची असते, खंदक खणायचे असतात, नकाशा वाचायचा असतो, पाठीवर ओझं घेऊन मैलोनमैल चालायचं असतं. त्यातून उरलेल्या मोजक्या तासांत त्याला असं काही द्यावं लागतं, जे भीतीने हातपाय गार पडलेले असतानाही आपोआप बाहेर येईल. नाहीतर शिकवणारा आणि शिकणारा, दोघांचेही कष्ट पाण्यात.

या प्रश्नाला सोव्हिएत संघाने जे उत्तर शोधलं त्याचं आजचं नाव सांबो. त्याच्या मुळाशी असलेले प्रशिक्षक म्हणजे व्हासिली सेर्गेयेविच ओश्चेपकोव्ह. १९२९ ते १९३७ ही त्यांची मॉस्कोतली आठ वर्षं या लेखाचा विषय आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. ओश्चेपकोव्ह यांनी सैन्याला किती डाव दिले, हा भाग दुय्यम आहे. शिकणाऱ्याला पूर्ण ताकदीने विरोध करणाऱ्या माणसाशी लढवल्याशिवाय शिक्षण पुरं होत नाही, हे तत्त्व त्यांनी धरून ठेवलं, आणि त्यामुळेच त्यांची पद्धत टिकली. सैनिकी प्रशिक्षणात हेच तत्त्व सगळ्यात आधी गळून पडतं.

माणूस

ओश्चेपकोव्ह यांचा जन्म सखालिन बेटावरचा, जानेवारी १८९३ मधला (जुन्या रशियन पंचांगानुसार डिसेंबर १८९२). झारच्या काळात सखालिन म्हणजे रशियाचं काळं पाणी. आई तिथे शिक्षा भोगायला पाठवलेली कैदी. अकराव्या वर्षी पोर अनाथ झालं. १९०४-०५ च्या युद्धात रशिया हरला, बेटाचा दक्षिण भाग जपानकडे गेला, आणि हा मुलगा ऑर्थोडॉक्स मिशनच्या आधाराने जपानमधल्या सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळेत, शिकायला गेला. आर्चबिशप निकोलाय यांच्या त्या शाळेत जपानी भाषा आली आणि ज्युदोही आला. ऑक्टोबर १९११ मध्ये त्याला टोकियोच्या कोडोकानमध्ये, म्हणजे ज्युदोचे जनक खुद्द जिगोरो कानो यांच्या संस्थेत, प्रवेश मिळाला. १९१३ मध्ये काळा पट्टा आणि १९१७ मध्ये दुसरा दान, म्हणजे काळ्या पट्ट्याची दुसरी पायरी. कोडोकानचा काळा पट्टा मिळवणारे ते पहिले रशियन.

मायदेशी परतल्यावर त्यांनी दुभाष्याचं काम केलं, १९१४ पासून व्लादिव्होस्तोकमध्ये ज्युदोचा वर्ग चालवला, आणि क्रांतीनंतर सोव्हिएत लष्करी गुप्तहेर खात्यासाठी जपानमध्ये काम केलं. बाहेरून दिसायला ते सिनेमाच्या धंद्यातले. १९२६ मध्ये त्यांना परत बोलावलं गेलं. मग नोव्होसिबिर्स्कला सायबेरियाच्या लष्करी विभागात दुभाषी म्हणून काही काळ गेला. तिथे पत्नी क्षयाने वारली. १९२९ मध्ये ते मॉस्कोला आले आणि लाल सेनेच्या मध्यवर्ती भवनात अधिकाऱ्यांना शिकवू लागले.

हा तपशील मुद्दाम दिला. ज्या सैन्याशी लढाई होण्याची सर्वांत दाट शक्यता होती त्याची भाषा, त्याच्या सवयी आणि त्याची कुस्ती अंगी असलेला माणूस लाल सेनेला शिक्षक म्हणून लाभला होता. अतिपूर्वेला त्याच वर्षी मांचुरियातल्या चिनी पूर्व रेल्वेवरून चीनशी चकमकी झाल्या होत्या, आणि दोनच वर्षांत जपानने मांचुरिया गिळला.

सैन्याची गरज

रशियन पायदळाची भिस्त संगिनीवर. 'गोळी मूर्ख, संगीन बहाद्दर' हे अठराव्या शतकातल्या सेनापती सुव्हॉरोव्ह यांचं वचन तिथल्या प्रत्येक शिपायाच्या कानावरून गेलेलं. पण संगीन लावलेली मोसिन रायफल दीड मीटरहून लांब. पहिल्या महायुद्धाने दाखवून दिलं, की अरुंद खंदकात दोन माणसं समोरासमोर आली की एवढं लांब हत्यार फिरवायला जागाच उरत नाही. मग हाताला येतं ते खंदक खोदायचं छोटं फावडं, नाहीतर समोरच्याची कॉलर.

त्यात १९२५ च्या कायद्याने लाल सेनेचा मोठा भाग प्रादेशिक तुकड्यांचा झाला होता. तिथल्या जवानाला पाच वर्षांत मिळून काही महिनेच प्रशिक्षण मिळे. खेड्यातून आलेला अंगाने मजबूत शेतकरी, पण लढतीची सवय शून्य. अशा लाखो माणसांना शिकवायला एक वस्ताद पुरणार नाही. शिकवणारेच आधी तयार करायला हवेत, आणि शिकवायची गोष्ट त्यांना पुढे नेता येण्याइतकी सुटसुटीत हवी.

मॉस्कोत आधीपासून असलेली वाट

ओश्चेपकोव्ह आले तेव्हा मैदान रिकामं नव्हतं. झारच्या सैन्यातले माजी अधिकारी व्हिक्टर स्पिरिदोनोव्ह १९२३ मध्ये स्थापन झालेल्या 'दिनामो' क्रीडासंस्थेत निःशस्त्र स्वसंरक्षण शिकवत होते. दिनामो ही गुप्त पोलीस आणि अंतर्गत सुरक्षा दलांची संस्था. स्पिरिदोनोव्ह जपानशी लढले होते, पहिल्या महायुद्धात जबर जखमी झाले होते, आणि आपल्या दुखावलेल्या शरीराला झेपेल अशी, ताकदीपेक्षा कोन आणि वेळ साधणारी पद्धत त्यांनी बसवली होती. १९२७ आणि १९२८ मध्ये त्यांची पुस्तकं आली. नंतरचं १९३३ चं पुस्तक खात्याच्या शाळांसाठीचं होतं.

या दोघांपैकी थोर कोण यावर अजूनही वाद झडतात. मला तो वादच चुकीच्या जागी उभा वाटतो. दोघांचे विद्यार्थी वेगळं काम करणारे होते. सुरक्षा खात्याच्या माणसाला समोरचा जिवंत पकडायचा असतो, झडती घ्यायची असते, हात पिरगाळून चालवत न्यायचं असतं. म्हणून स्पिरिदोनोव्ह यांच्याकडे मनगट, बोटं आणि कोपर यांच्या पकडींना मान. पायदळाच्या जवानाला समोरचा क्षणात खाली आपटून पुढच्याकडे वळायचं असतं. त्याच्यासाठी फेक महत्त्वाची. पोलिसाचा अभ्यासक्रम जवानाला, नाहीतर जवानाचा पोलिसाला, नाव बदलून शिकवण्याचा प्रकार आजही अनेक देशांत चालतो. तो आधी थांबवायला हवा.

शिकवण्याची रीत

ज्युदोच्या वर्गाची सुरुवात पडण्यापासून होते. हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठ गोल. कुशीवर पडताना हात अंगापासून साधारण पंचेचाळीस अंशांत, तळवा खाली, आणि अंग जमिनीला लागण्याच्या क्षणी संपूर्ण हाताने जमिनीवर फटका. कोपर किंवा मनगट आधी टेकलं तर हाड गेलंच म्हणून समजा. नवख्याचा हात सहजप्रेरणेने आधाराला पुढे जातो आणि तो मोडतो. ती सवय मोडून ही सवय लावायला वेळ लागतो, आणि उतावळे प्रशिक्षक नेमका हाच वेळ वाचवायला जातात. सैनिकाला तर या कलेचा उपयोग लढाईबाहेरही होतो. बर्फावर घसरणारा, खंदकात उडी टाकणारा, अंधारात ठेचकाळणारा जवान पडायला शिकलेला असेल तर दुसऱ्या दिवशी पथकात उभा असतो.

मग फेक. त्यानंतर जमिनीवरचे पेच. कोपराचा पेच घ्या, सांबोतही तो पहिल्या काही धड्यांतच येतो. समोरचा उताणा पडला आहे, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत आहे. आपण त्याला आडवे पडतो, एक पाय छातीवर, दुसरा मानेवर, त्याचा दंड मांड्यांमध्ये घट्ट. अंगठा आकाशाकडे हवा, म्हणजे कोपराची दिशा बरोबर येते. आता नुसती कंबर वर उचलायची. तळहाताएवढी उचलली की समोरचा जमिनीवर हात आपटून 'पुरे' म्हणतो.

या हात आपटण्यात सगळी मेख आहे. कानो यांनी ज्युदोचं मूळ असलेल्या जुन्या जुजुत्सूतून ठोसे, डोळ्यांवरचे हल्ले, हाडं मोडणारे डाव मोकळ्या झुंजीबाहेर काढले, म्हणून अनेकांनी त्यांच्यावर कला मवाळ केल्याचा आरोप केला. प्रत्यक्षात उलट झालं. जो डाव जिवावर बेततो तो सरावात दहा टक्के जोरानेच करता येतो, आणि जोडीदारही मान डोलावून पडतो. जो डाव वेळीच सोडता येतो तो रोज, शंभर टक्के जोराने, न ऐकणाऱ्या माणसावर करता येतो. असा सराव केलेल्याला दम लागल्यावर आपलं काय होतं हे ठाऊक असतं, समोरच्याने तोड काढली तर पुढे काय हे त्याच्या शरीराला कळतं. जीवघेण्या डावांची यादी तोंडपाठ असलेल्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. ओश्चेपकोव्ह हे कोडोकानमध्ये स्वतःच्या अंगावर शिकले होते. मॉस्कोत त्यांनी मोकळी झुंज हाच वर्गाचा कणा ठेवला.

पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत, आणि म्हणून मला हे प्रकरण आदर्श वाटतं. संगिनीशी संगीन, छोट्या फावड्याने मारलेला वार आणि त्याचा बचाव, हत्यारबंद माणसासमोर रिकाम्या हातांनी काय करायचं, हे त्यांनी त्याच शिक्षणाला जोडलं. पाय कसे टाकायचे, अंतर कसं राखायचं, समोरच्याचा तोल कधी गेला हे झुंजीत कळलेलं असतं. मग हातात फावडं आलं तरी पाय तेच.

कोट, बूट आणि कुस्तीगीर

आपल्या कुस्तीत पैलवान उघडा असतो, पकड अंगाची आणि लंगोटाची. रशियाच्या थंडीत वर्षातले कित्येक महिने माणूस जाड कपड्यांत असतो आणि सैनिक तर ओव्हरकोटात. कॉलर, बाही, कमरेचा पट्टा या पकडी तिथे खऱ्या आयुष्यातल्याच. म्हणून ज्युदोचं जाकीट ठेवणं योग्य होतं, पण ते जसंच्या तसं ठेवलं नाही. हळूहळू ते अंगाबरोबर बसणारं झालं, पट्टा जाकिटातल्या फटींतून ओवला गेला, म्हणजे ओढाताणीत सुटत नाही. पायात मऊ बूट आले. बूट आल्याने पायाची पकड घट्ट झाली आणि गुडघ्याचे, घोट्याचे पेच जोमाने वाढले. ज्युदोच्या झुंजीत पायाच्या सांध्यांवरचे पेच चालत नाहीत, सांबोची तर ती ओळखच बनली.

शिवाय ओश्चेपकोव्ह यांचा आखाडा येईल त्याला खुला होता. सोव्हिएत संघात जॉर्जियाची चिदाओबा होती, उझबेकांची कुराश होती, आणखी कितीतरी. चिदाओबात पैलवान आखूड जाकीट घालून झटपट फेकींवर लढतात आणि आपल्याकडे हलगी घुमते तसे तिथे ढोल वाजत असतात. या कुस्तीगिरांनी आपले डाव आणले. चालला तो राहिला, न चालणारा गेला. डाव कोणत्या देशाचा, हे आखाड्यात कोणी विचारत नसे. दुर्दैवाने आखाड्याबाहेर तोच प्रश्न जिवावर उठला.

शिकवणाऱ्यांची फळी उभी राहिली ती मॉस्कोच्या शारीरिक शिक्षण संस्थेत. तिथे ओश्चेपकोव्ह यांच्या हाताखाली अनातोली खार्लाम्पियेव्ह, निकोलाय गाल्कोव्स्की यांच्यासारखे तरुण तयार झाले. १९३१ मध्ये 'श्रम आणि संरक्षणासाठी सज्ज' हा देशव्यापी तंदुरुस्तीचा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या वरच्या टप्प्यात निःशस्त्र स्वसंरक्षण आलं, त्यामागेही ओश्चेपकोव्ह यांचे प्रयत्न होते. हा निर्णय फार दूरदृष्टीचा. भरती होण्याआधीच कारखान्यात, क्लबात मुलगा पडायला आणि लढायला शिकलेला असेल, तर बराकीतले तुटपुंजे तास पुढच्या कामाला मोकळे राहतात.

१९३७

२० सप्टेंबर १९३७ रोजी अंतर्गत सुरक्षा खात्याने मांचुरियातल्या हार्बिन शहरात राहून आलेल्या रशियनांविरुद्ध आदेश क्रमांक ००५९३ काढला. ओश्चेपकोव्ह तरुणपणी हार्बिनमध्ये काम करून आलेले, वर जपानमध्ये शिकलेले. १ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर त्यांना घरातून उचललं. आरोप जपानसाठी हेरगिरीचा. ज्या देशात त्यांनी सोव्हिएत संघासाठी हेरगिरी केली, त्याच देशाचे हेर ठरवून. १० ऑक्टोबरला ते मॉस्कोच्या बुतिर्का तुरुंगात वारले, कारण हृदयविकार असं कागदावर आहे. वय चव्वेचाळीस. १९५७ मध्ये त्यांना निर्दोष ठरवलं गेलं.

१६ नोव्हेंबर १९३८ रोजी क्रीडा समितीने 'मुक्त शैलीच्या कुस्ती'च्या प्रसाराचा आदेश काढला. सांबोचा वाढदिवस म्हणून आज हाच दिवस पाळतात. सांबो हे नाव महायुद्धानंतर रुजलं. १९३८ मध्ये ही कुस्ती सोव्हिएत जनतेच्या लोककुस्त्यांमधून उगवली असं मांडलं गेलं आणि जनक म्हणून पुढे खार्लाम्पियेव्ह यांचं नाव झालं. १९३८ मध्ये 'जपानी हेरा'चं नाव घेणं म्हणजे मरण ओढवून घेणं, आणि नाव गाळलं नसतं तर कदाचित कुस्तीच बंद पडली असती, हे मी मानतो. खार्लाम्पियेव्ह यांनी ती जगवली, वाढवली, हेही खरं. पण १९५७ नंतरही अनेक वर्षं गुरूचं नाव पुस्तकांत येऊ नये, याचं समर्थन मला करता येत नाही. मॉस्कोतल्या त्या आखाड्यात घाम गाळलेल्यांना आपण कोणाकडून शिकलो हे पक्कं ठाऊक होतं.

फळ काय मिळालं

१९३९ मध्ये लेनिनग्राडला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. जून १९४१ मध्ये जर्मन हल्ला झाल्यावर मॉस्कोत दिनामोच्या मैदानावर खेळाडूंना गोळा करून शत्रूच्या पिछाडीला पाठवायची विशेष ब्रिगेड उभी राहिली. मुष्टियोद्धे, धावपटू, स्कीपटू आणि कुस्तीगीर, सगळे त्यात होते. झुंजीला सरावलेली माणसं आधीपासून तयार असण्याचा हा फायदा. हातघाईत किती जणांना हे शिक्षण कामी आलं याचा हिशेब मांडता येत नाही, आणि तसे छातीठोक दावे करणाऱ्यांपासून मी दूरच राहतो.

खेळ म्हणून मात्र कसोटी लागली आणि ती सगळ्यांसमोर लागली. १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकला ज्युदो आला, तेव्हा सोव्हिएत संघाने सांबोत वाढलेले मल्ल उतरवले आणि त्यांनी थेट जपानमध्ये चार कांस्यपदकं घेतली. अशी सरमिसळ आपल्यालाही परकी नाही. १९५२ च्या हेलसिंकीत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्य मिळवलं. त्या गटात सुवर्ण जिंकणारा जपानचा शोहाची इशी मूळचा ज्युदोचा, आणि रौप्य सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव्हचं. खाशाबा दोघांशीही लढले. पुढे ते पोलीस दलात गेले आणि तिथे खेळाचे प्रशिक्षकही झाले.

सैन्याच्या बाजूने पाहिलं तर खेळाच्या यशाची किंमत मोजावी लागली. खेळाच्या सांबोत गळा आवळणं नाही, ठोसा नाही, फावडं तर कधीच मागे पडलं. ठोसे, लाथा, गळ्याचे पेच असलेला लढाऊ सांबो दलांच्या चार भिंतींत राहिला आणि १९९० च्या दशकात खुल्या स्पर्धेत आला. दरम्यान १९७९ मध्ये हवाई छत्रीदलाने लिथुआनियातल्या काउनस इथे सैन्याच्या हातघाईची स्वतंत्र स्पर्धा भरवली. डोक्याला संरक्षक टोप, हातात मोजे, अंगावर जाकीट, आणि ठोसा, लाथ, फेक, पेच सगळं एकत्र. सुरक्षा वाढवायची, म्हणजे जोर कमी करावा लागत नाही, हाच तो जुना विचार नव्या साधनांनी पुढे नेला होता.

जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले. तिथे एकही गोळी चालली नव्हती. दगड, काठ्या, खिळे ठोकलेले दांडके आणि गोठवणारं पाणी. तेव्हा निःशस्त्र लढतीचं शिक्षण कालबाह्य झालं असं म्हणणाऱ्यांना एवढंच दाखवायला हवं. पण ते उदाहरण देऊन जवानांना थेट स्पर्धेचा सांबो, ज्युदो किंवा आणखी काही शिकवायला घेणं हेही अर्धवट आहे. तिथे समोर एकटा, मोकळ्या हातांचा प्रतिस्पर्धी नव्हता. दमछाक करणारी उंची होती, जाड कपडे होते, समोर जमाव होता, आणि त्याच्या हातात दांडकी होती.

लढाऊ सांबोतही ही उणीव आहेच. झुंज एकास एक, मॅटवर, पंचांच्या देखरेखीखाली. खाली पडल्यावर कोपराचा पेच लावत बसणारा मल्ल गुण मिळवतो, आणि दुसरा शत्रू जवळ असेल तर त्याच पेचापायी जवान जीव गमावतो. माझ्या मते जवानांच्या वर्गात पहिल्या दिवसापासून तीन गोष्टी झुंजीतच घ्याव्यात. खाली गेलेल्याने पेचापेक्षा आधी उठून उभं राहायचं, आणि गुण त्यालाच. आठवड्यातली एक झुंज पूर्ण गणवेशात, बुटांसकट, दौड संपल्यावर लगेच. आणि दोघांविरुद्ध एक अशी फेरी, हातात रबरी काठी देऊन, टोप आणि मोजे घालून, पूर्ण जोराने. पायाच्या सांध्यांचे पेच रंगरुटांना सुरुवातीला मुळीच देऊ नयेत. गुडघ्याला वेदना जाणवेपर्यंत इजा झालेली असते, आणि गुडघा गेलेला जवान सैन्याच्या काहीच कामाचा राहत नाही.